सम कुठाय गो? : रेगेच्या तबकड्या शोधत गोव्यात सहा दिवस

मंगळवार, ४ फेब्रुवारी

एस.टी. आंबोलीला चहासाठी थांबली तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढ्या मोकळ्या पिशव्या कशाला नेतेस गं?" माझ्या सॅकमध्ये कपड्यांचे तीन जोड होते आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पन्नास पिशव्या, काही बारा इंची, काही सात इंची. "रेकॉर्ड आणायला चाललेय," म्हटल्यावर त्यांना सात-बाराच आठवला असावा, कारण पार सावंतवाडीपर्यंत त्या आपल्या गावच्या तलाठ्याबद्दल बोलत राहिल्या.

दीड वर्षापूर्वी मी टर्नटेबल घेतला. आजवर जमलेल्या एलपी अकरा, त्यातल्या रेगेच्या, म्हणजे जमैकाच्या त्या संगीताच्या, तीन, आणि त्या तिन्ही नव्याकोऱ्या, ऑनलाइन मागवलेल्या, सेलोफेनमधल्या. धुळीत बसून, बोटं काळी करून शोधलेली एकही नाही. कोल्हापुरातल्या मित्राने सांगितलं होतं, "गोव्यात जा, रेगे पायलीला पन्नास." त्याचं गोवा म्हणजे बागा बीच ते कलंगुट बीच, हे मला निघण्यापूर्वी लक्षात यायला हवं होतं.

मुक्काम डिचोलीला, मामाकडे. मामा मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. माजघरातल्या लाकडी कपाटात त्याच्या नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या दोनशेच्या वर तबकड्या आहेत. तो त्यांना 'प्लेटी' म्हणतो. मी आल्याआल्या माझा बेत सांगितला.

"रेगे?" मामा म्हणाला. "मिठबावचे की मालवणचे?"

मामी आतून इतकी हसली की हुमणाला उतू आलं. मग मी जमैका, किंग्स्टन, साठचं दशक असं सगळं सांगायला बसले. हा शब्द गाण्याच्या नावात पहिल्यांदा आला तो १९६८मध्ये, टूट्स अँड द मेटल्सच्या तबकडीवर. त्याआधीपासून तिथे 'साउंड सिस्टिम' होत्या, म्हणजे ट्रकवर लादलेले कपाटाएवढे स्पीकर, अंगणात नाच, आणि ज्याच्याकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेली तबकडी त्याच्याकडे गर्दी. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड अमेरिकेतून आणलेल्या तबकड्यांची लेबलं खरवडून काढायचा, शेजारच्या साउंडवाल्याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून. पुढे त्यानेच स्टुडिओ वन काढला.

"आमचे बुवा काय करायचे?" मामा म्हणाला. "शिष्याला चीज द्यायची ती अंतऱ्याशिवाय."

आणि थोड्या वेळाने, दिवा मालवता मालवता : "ते गांजावाले ना हे?" मी सांगितलं की गांजा हा शब्दच आपला. १८४५मध्ये हिंदुस्थानी गिरमिट्यांचं पहिलं जहाज जमैकाला लागलं आणि पुढे त्या मजुरांसोबत ओढायची वस्तू आणि तिचं नाव दोन्ही तिकडे गेलं. मामाला हे बरं वाटलं. त्याला कुठलीही गोष्ट 'मूळ आपली' निघाली की बरं वाटतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मामीची स्कूटर घेऊन अस्नोडा, म्हापसा करत हणजूणला. बुधवारचा फ्ली मार्केट. सत्तरच्या दशकात हिप्पी परतीच्या तिकिटासाठी इथे कॅमेरे, जीन्स, गिटारी विकायचे म्हणतात. आता राजस्थानी चादरी, चांदीच्या रंगाच्या अंगठ्या आणि लाल-पिवळा-हिरवा रंग जिथे लागेल तिथे. टोपी, पट्टा, लंगोटी, ॲशट्रे. रेगेचा सगळ्यात प्रसिद्ध गायक बॉब मार्ले, त्याचा चेहरा मी पहिल्या दहा मिनिटांत बावीस वेळा मोजला आणि सोडून दिलं. त्याचा आवाज मात्र दीड तासात एकदाच ऐकू आला, तोही एका मोबाइलमधून.

तबकड्या तीन ठिकाणी. पहिल्या ठिकाणी त्यांची घड्याळं केली होती. एलपी कापून, मध्ये हत्ती, ताजमहाल, गिटार असे आकार, आणि काटे. एका हत्तीच्या पोटात एचएमव्हीच्या लेबलाचा तुकडा शिल्लक होता. कोण गात होतं ते वाचता येईना.

दुसऱ्या ठिकाणी मार्लेची एक 'लाइव्ह' एलपी, तिरंगी प्लास्टिकची, साडेतीन हजार. दिसायला पेढ्यासारखी सुंदर. पण कंपनीचं नाव कुठेच नाही, आणि मागे जुन्या रेडिओ प्रक्षेपणाची तारीख. अशा तबकड्या बाजारात पुष्कळ फिरतात. कुठलं तरी प्रक्षेपण उचलायचं, रंगीत प्लास्टिकवर छापायचं. भिंतीला शोभतात. मी ठेवून दिली आणि स्वतःवर खूश झाले. ती खुशी बाधली.

तिसऱ्या ठिकाणी जमिनीवर पथारी, हिंदी सिनेमांच्या पंधरावीस एलपी, आणि त्यांच्यात पीटर टॉशची 'लीगलाइझ इट'. १९७६ची. शेतात बसून चिलीम ओढणारा टॉश, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा डाग. नऊशे सांगितले, सातशेला तुटलं. माझे हात थरथरत होते. विक्रेत्याचा विचार बदलेल या भीतीने मी ती पिशवीत कोंबली आणि जवळजवळ पळालेच.

घरी येऊन बाहेर काढली, तर आत जिम रीव्ह्ज.

मामा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाये, बाजारात नारळ घेताना कानाशी धरून वाजवतेस ना? आणि ही काढून बघितलीस पण नाही?"

गोव्यात जिम रीव्ह्ज या अमेरिकन कंट्री गायकापासून सुटका नाही हे मला पुढे दोनदा कळायचं होतं. रात्री मामीच्या आग्रहाखातर आम्ही ती लावलीही. मामाकडे अजून चालू असलेला एचएमव्हीचा फिएस्टा आहे, पेटीतला, चार वेगांचा. त्याच्या सुईला एक छोटी दांडी असते. ती एका अंगाला फिरवली की एलपीची सुई, दुसऱ्या अंगाला ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची. ७८ची खाच रुंद, तिला जाड टोक लागतं. चुकून त्या टोकाने एलपी वाजवली तर खाच नांगरून निघते. हे मामाने मला दहा वर्षांची असताना सांगितलं होतं आणि आज पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज मार्लेचा वाढदिवस, १९४५चा. किनाऱ्यावर मांद्रेपासून हरमलपर्यंत पताका लागलेल्या. मी तिकडे गेले नाही. काल घड्याळांच्या विक्रेत्यानेच जाता जाता सांगितलं होतं, की शिवोलीत एक मुलगा आहे, तो रेगेच वाजवतो, त्याच्याकडे खोके आहेत.

शिवोलीचं घर जुन्या पद्धतीचं, पुढे बल्कांव, बसायला सिमेंटचे बाक. मुलगा असेल तिशीचा. काही वर्षं इंग्लंडमध्ये गोदामात काम केलं, दर शनिवारी पगारातून तबकड्या घेतल्या, आणि परत येताना कपडे तिथेच टाकून त्या आणल्या. तो कोकणीत बोलला, मी मराठीत. दोघांनाही अडलं नाही.

दोन दुधाचे क्रेट, सात इंची तबकड्यांनी खचाखच. मी सवयीने वरून नावं वाचायला लागले, तर त्याने माझ्या हातातली तबकडी काढून घेतली आणि उन्हाच्या तिरिपेत आडवी धरली. "आधी हें," म्हणाला. डोळा कडेला, तबकडी सपाट, प्रकाश आडवा. समोरून काळीभोर दिसणारी तबकडी आडव्या उजेडात सगळं कबूल करते. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, ते ऐकू येत नाहीत. नख अडकेल असा ओरखडा नको. आणि खाचांवर राखाडी, निस्तेज पट्टा दिसला तर ती जड सुईखाली शेकडो वेळा झिजलेली. ओरखडा नसूनही ती फाटक्या आवाजात वाजणार.

मग प्रतवारीची भाषा. मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, जी. व्हीजी म्हणजे 'व्हेरी गुड', पण त्याचा अर्थ 'चालवून घ्या' असा. आणि 'गुड' म्हणजे घेऊ नका. मला आमच्याकडच्या स्थळांच्या जाहिराती आठवल्या.

पण जमैकाच्या तबकड्यांना ही फूटपट्टी नीट बसत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि तासाभरात मला पटलं. तिथे वापरलेलं प्लास्टिक वितळवून पुन्हा छापत. त्यामुळे कोरी तबकडीसुद्धा कधी कढईत मोहरी तडतडावी तशी वाजते. लेबल तिरकं, कधी दोन्ही बाजूंना एकच, कधी वेगळ्याच गाण्याचं. कधी लेबलच नाही, नुसता पांढरा कागद. त्यांना 'ब्लँक' म्हणायचं किंवा 'प्री-रिलीज'. त्या आधी नाचाच्या अंगणात वाजायच्या, लोकांचे पाय बघूनच पुढे नाव छापायचं की नाही ते ठरायचं.

"मग ओळखायचं कसं?"

त्याने गाणं संपल्यानंतरची गुळगुळीत पट्टी दाखवली, खाच आणि लेबल यांच्यामधली. तिथे हाताने कोरलेली अक्षरं होती, पोराने बाकावर करकटकाने कोरावीत तशी वेडीवाकडी. निर्मात्याची आद्याक्षरं, एक आकडा. लेबल खोटं बोलेल, खोका खोटं बोलेल, कालचा जिम रीव्ह्ज तर धडधडीत खोटं बोलला. पण ही पट्टी साच्यातूनच येते. तीच तबकडी इंग्लंडात छापली असेल तर तिथे बहुधा यंत्राने ठोकलेले नीटस आकडे, मधलं भोक लहान, आणि मोठं हवं असेल तर मधला भाग दाबून काढता येतो. जमैकाच्या बऱ्याच सात इंचींचं भोक आधीच मोठं, दीड इंची. त्यात चकती बसवावी लागते.

शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट मात्र त्याने बोलून नाही, वाजवून दाखवली. एक सात इंची लावली, विली विल्यम्सचं 'आर्मागिडियन टाइम', स्टुडिओ वनचं. गाणं संपल्यावर उलटली. त्याच गाण्याचा ठेका, तोच बास, पण गाणारा नाही. मागच्या बाजूला लिहिलेलं : 'व्हर्शन'. रेगेच्या तबकडीची मागची बाजू म्हणजे भरतीचं दुसरं गाणं नसतं, पुढच्याच गाण्याची काया असते. सांगतात की १९६७-६८च्या सुमाराला ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत एका गाण्याची तबकडी कापताना गाणाऱ्याचा आवाज सोडायचा राहून गेला. साउंडवाल्याने ती तशीच नाचात लावली, आणि मोकळ्या जागेत लोकच गायला लागले. त्या चुकीवर पुढे किंग टबीसारख्यांनी डब नावाचं अख्खं शास्त्र उभं केलं. टबीचा मूळ धंदा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा, हे मला फार आवडतं.

मग त्याने तोच ठेका असलेल्या एकामागून एक पाच तबकड्या लावल्या. गाणारे वेगळे, शब्द वेगळे, वर्षं वेगळी. मूळ ठेका 'रिअल रॉक', १९६७चा, साउंड डायमेन्शन या स्टुडिओ वनच्या वादकांनी वाजवलेला. त्यावर शेकडो गाणी झाली. तिकडे अशा ठेक्याला 'रिडिम' म्हणतात आणि जाणते संग्राहक गायकाच्या नावाने कमी, रिडिमच्या नावाने जास्त शोधतात. माझी यादी गायकांच्या नावांनी भरलेली होती. मी ती खिशातून काढलीच नाही.

घेतलं काय? 'आर्मागिडियन टाइम', बाराशेला. नंतरची छपाई, त्याने आपणहून सांगितलं. आणि मार्लेची 'सर्व्हायव्हल', १९७९ची, इंग्लंडची छपाई, कव्हरची कड फाटलेली, सोळाशे. १९७३च्या 'कॅच अ फायर'च्या मूळ कव्हराबद्दल विचारलं. ते कव्हर झिप्पो लायटरच्या आकाराचं, वरचं झाकण खरोखर उघडायचं. वीस हजारच निघाली, हाताने रिव्हेट ठोकावे लागत म्हणून पुढे साधं कव्हर आलं. तो नुसता हसला. आतून आईने हाक मारली तेव्हा अडीच वाजले होते आणि मी तीन तास पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मामीची यादी : मयड्याची केळी, सुकी सुंगटां, कोकम, आणि दोन मडकी, त्यातलं एक 'तळाला सपाट'. मडकी मी वाजवून घेतली.

दुपारी हळदोणे. मामाच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी शब्द टाकला होता. त्यांच्या शेजारच्या आंटीचे यजमान तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. वीस-बावीस वर्षं बोटीवर. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पेटी तशीच आहे.

गोव्यात रेगे शोधायची जागा कुठली हे मला त्या घरात कळलं. जिथे लाल-पिवळ्या-हिरव्या पताका आहेत तिथे तबकड्या नाहीत. जिथे तबकड्या आहेत तिथे त्यांना कोणी रेगे म्हणत नाही. त्या 'घोवाच्यो रेकॉर्डी', म्हणजे नवऱ्याच्या, असतात, पलंगाखाली, लोखंडी पेटीत, नॅप्थालीनच्या गोळ्यांत, लॉर्ना आणि क्रिस पेरींच्या कोकणी तबकड्यांच्या खाली.

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला, ओल्या पुठ्ठ्याचा. गोव्याचा पावसाळा तबकडीचं फारसं बिघडवत नाही, कव्हराचं सगळं बिघडवतो. बुरशी, कसर, वाळवी. आणि बुरशी कव्हरातून खाचेत उतरते ती पांढऱ्या ठिपक्यांनी. ठिपका पुसला जातो. फार वर्षं बसला तर पुसल्यावरही खरखर राहते. मी फडकं नाकाला बांधून एकेक बाहेर काढत गेले. जिम रीव्ह्ज. क्लिफ रिचर्ड. हॅरी बेलाफॉन्टे. जिम रीव्ह्ज. बोनी एम. कोकणी तियात्रांची, म्हणजे तिथल्या नाटकांची, गाणी. मग जिमी क्लिफच्या सिनेमाची एलपी, 'द हार्डर दे कम', १९७२. कव्हराचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, तबकडी मात्र आडव्या उजेडात बरीच स्वच्छ. यावेळी मी बाहेर काढून बघितली.

आणि तळाशी एक सात इंची, उघडी, मोठ्या भोकाची. लेबल 'बेव्हर्लीज'. मेलोडियन्स. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'.

सगळ्या गोव्याला, सगळ्या हिंदुस्थानालाही, हे गाणं बोनी एमचं म्हणून ठाऊक, १९७८चं. ते मुळात जमैकाचं, १९७०चं, लेस्ली काँग या निर्मात्याने काढलेलं. शब्द बायबलातल्या १३७व्या स्तोत्राचे. बॅबिलॉनच्या नद्यांकाठी बसून परमुलखात नेलेले लोक आपल्या देशासाठी रडतात. रास्ताफारींनी, म्हणजे जमैकातल्या त्या धर्मपंथाच्या लोकांनी, त्यात आपली आफ्रिका वाचली. आंटीला मी जमेल तसं हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते स्तोत्र आहे हे तिला माहीतच आहे, नवरा तेच म्हणायचा, त्या दुसऱ्यांनी नाचाचं केलंय. तो हे गाणं बंदरातून घेऊन आला होता. बोनी एमची एलपी त्याने नंतर कोणाशी तरी वाद घालायला घेतली.

लेबलवर बॉलपेनने नाव लिहिलेलं. बोटीवर तबकड्या एकमेकांकडे जात, म्हणून. संग्राहकांच्या हिशेबात लेबलवर लिहिलं की प्रत एक पायरी खाली येते. मी किंमत विचारली.

"हें विकपाक ना," आंटी म्हणाली. "म्हज्या घोवाचें नांव आसा ताचेर."

जिमी क्लिफ तिने पाचशेला दिला, वर बोनी एम फुकट, आणि जिम रीव्ह्जपैकी एक घेच म्हणून हटूनच बसली. घेतला.

आता माझ्या अकलेचा भाग. बारा इंची एलपी स्कूटरच्या डिकीत मावत नाही. पिशवी पुढच्या हुकाला अडकवली. म्हापशाला परत आल्यावर भूक लागली, एका खाणावळीत ताटावर बसले, स्कूटर रस्त्यापलीकडे उन्हात. सोलकढी दोनदा मागितली. बाहेर आले तेव्हा पिशवी हाताला तापलेल्या तव्यासारखी लागली. व्हिनाइल नरम व्हायला फार ऊन लागत नाही. जिमी क्लिफची एक कड पापडासारखी वर आली होती. त्याच्या मागेच असलेला जिम रीव्ह्ज जसाच्या तसा. सावलीत होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दिवसभर घरी. जिमी क्लिफ दोन काचांच्या मध्ये, वर पाटा आणि मामाचे जुने पंचांगांचे गठ्ठे. मामा म्हणतो महिनाभर ठेव. मी रोज बघणार हे त्याला माहीत आहे म्हणून ती खोलीच त्याने ओढून घेतली.

सकाळी तबकड्या धुवायला बसले. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, पाणी, मऊ फडकं. माझ्या झाल्यावर मामाचंही पुण्य करावं म्हणून त्याच्या कपाटातली एक ७८ घेतली आणि फडकं टेकवणार तोच तो ओरडला. इतक्या मोठ्याने ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ७८ची तबकडी लाखेची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतात ते तेच की. पुसायला गेले असते आणि गाणं फडक्याला आलं असतं. जगभरच्या तबकड्यांना लाख पुरवणारा मुख्य देश आपला होता, मग १९४८च्या पुढे व्हिनाइल आलं आणि हळूहळू ते दुकान मिटलं. ज्या प्लेटीला मी स्पिरिट लावणार होते ती केसरबाई केरकरांची होती. लावलं असतं तर मला या घरातून जेवण मिळालं नसतं, आणि ते योग्यच झालं असतं.

केसरबाई इथल्याच, फोंड्याजवळच्या केरीच्या. त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याच्या तबकडीत गेली. ती यानं सुटली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि बाई त्याच सप्टेंबरात गेल्या. मामा हे सांगताना दर वेळी वर आढ्याकडे बघतो. मी त्याला सांगितलं की त्याच १९७७मध्ये किंग्स्टनमध्ये कल्चर या त्रयीने 'टू सेव्हन्स क्लॅश' काढली. दोन सात एकमेकांवर आदळतील तेव्हा अनर्थ होईल, असं मार्कस गार्वी या कृष्णवर्णीय नेत्याचं भाकीत लोक सांगत, आणि सातव्या महिन्याच्या सात तारखेला तिथली बरीच माणसं घराबाहेर पडली नाहीत म्हणे. मामाने विचारलं, "मग झालं काही?" मी म्हटलं, तबकडी गाजली.

दुपारी फिएस्टावर 'सर्व्हायव्हल'. जड सुई, पण एकदा चालेल असं मीच ठरवलं. मामाने आधी कव्हर हातात घेतलं, आफ्रिकी देशांचे झेंडे चष्मा वर करून बघितले, नाव छापलंय त्या पट्टीत गुलामांच्या जहाजाचं चित्र आहे ते दाखवल्यावर बराच वेळ गप्प राहिला. मग दुसरी बाजू, दुसरं गाणं, 'वन ड्रॉप'. तो मांडीवर बोटांनी मात्रा मोजायला लागला. थांबला. पुन्हा लागला.

"सम कुठाय गो?"

ही गोष्ट मी किती लेखांत वाचली होती आणि मला ती कधी कोणाला समजावता आली नव्हती. चारच्या मोजणीत पहिली मात्रा, म्हणजे समच, ढोलवाला सोडून देतो. गिटार दोन आणि चारवर चिमटा काढते. ढोल पडतो तिसऱ्यावर. कार्लटन बॅरेट, मार्लेच्या वेलर्स बँडचा ढोलवादक, याच्यासाठीच ओळखला जातो. 'वन ड्रॉप' म्हणजे तोच एक ठोका.

"म्हणजे समेवर हात उचलतो."

"हो."

"मग सरळ सांग ना, रूपकासारखं. तिथेही समेवर टाळी नाही, खालीच." आणि तो ती ती ना, धी ना, धी ना म्हणत हात उचलून दाखवायला लागला. मात्रा सातच्या, गाणं चारचं, त्यामुळे दोघे लगेच विसकटले. पण मुद्दा त्याला सापडला होता, आणि मलाही, त्याच्याकडून.

रिडिमचंही तेच. मी शिवोलीचे पाच गायक आणि एक ठेका सांगायला लागले, तर त्याने मला अर्ध्यात तोडलं. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर काय छापलेलं असतं? 'चाल' अमक्याची. चाल आधीची, ऐकणाऱ्याच्या कानात बसलेली; नाटककार फक्त शब्द नवे घालतो. "त्याला कोणी चोरी म्हणत नाही. चाल ओळखीची आहे म्हणूनच शब्दांकडे लक्ष जातं." मी दीड वर्ष इंग्रजी लेख वाचत होते.

संध्याकाळी सात इंचीचा प्रश्न आला. मोठं भोक, आणि चकती माझ्याकडे नाही. मामाने एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेतला, कंपासने दीड इंचाचं वर्तुळ काढलं, तीन चकत्या एकावर एक खळीने चिकटवल्या, मध्ये सुईच्या टोकाने भोक. पहिल्या खेपेला भोक केसभर बाजूला गेलं, तर विली विल्यम्स होडीत बसल्यासारखा हेलकावत गायला. दुसरी चकती बरोबर झाली. चकतीवर गणपतीचं अर्धं चित्र आलंय, ते तबकडीबरोबर गरगर फिरतं. मामीने हात जोडले आणि मग हसू आवरेना.

रात्री हडफड्याच्या बाजारात जायचं ठरलं होतं. गेले नाही. आम्ही ते एकच गाणं नऊ वेळा लावलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळची गाडी. पन्नास पिशव्यांपैकी भरल्या चार : सर्व्हायव्हल, बोनी एम, आणि जिम रीव्ह्ज दोन, एक टॉशच्या कपड्यांत. जिमी क्लिफ पाट्याखाली राहिला. 'आर्मागिडियन टाइम'ही राहिलं, कारण मामाची चकती रात्रीत फुगून इतकी घट्ट बसली की काढायला गेलं तर तबकडीच तडकली असती. निदान मामा तसं म्हणाला. मी जोर लावून बघितलं नाही.

बांदा ओलांडलं आणि फोन वाजला. मामी.

"अगो, ह्यांनी त्या तुझ्या प्लेटीची दुसरी बाजू लावलीय सकाळपासून. ठेका चाललाय, ढमढम चाललंय. तो गाणारा कुठे गेला?"